राणी मुंगी आणि कामकरी मुंगी: प्रजननातील दरी

राणी आणि कामकरी मुंगी सहसा सारख्याच फलित अंड्यांतून जन्मतात. पुढची वाट बहुधा अळीला मिळणाऱ्या पोषणावर ठरते. राणी तारुण्यातील मीलनातून मिळालेले शुक्राणू शुक्रकोशात साठवून वर्षानुवर्षे अंडी घालते. लेसियस नायजर या काळ्या मुंगीची एक राणी बंदिवासात 28 वर्षांहून अधिक जगली. कामकरी मुंगीची अंडाशये मात्र खुरटलेली असतात, तिच्या अफलित अंड्यांतून सहसा नरच निपजतात, आणि फायडोलसारख्या गटांत तर तिला अंडाशयेच उरलेली नाहीत. तरीही उत्क्रांतीत ही दरी सर्वत्र सारखी रुंदावली नाही, आणि या विषयातला सर्वांत विलक्षण भाग मला हाच वाटतो. भारतात आढळणाऱ्या हार्पेग्नॅथोस सॅल्टेटर या मुंगीची राणी मेली की कामकरी मुंग्या स्पर्शिकांनी एकमेकींशी झुंजतात. जिंकणाऱ्यांची अंडाशये वाढतात, मेंदू आक्रसतो आणि आयुष्य कित्येक पटींनी लांबते.