ऑईल गळतंय, पण कुठून? धुऊन बघावं, पावडर मारावी, डाय टाकावा की धूर सोडावा

गाडी पुढे घेतली की जागेवर काळा डाग राहतो. मेकॅनिक वाकतो, खालून बोट फिरवतो, फडक्याला पुसतो आणि सांगतो, "मेन सील गेलंय. गिअरबॉक्स उतरवावा लागेल." मेन सील म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्यात, क्रँकशाफ्टभोवती बसलेलं सील. त्याचं खरंही असेल. पण हे बोट फिरवून ठरत नाही, कारण ऑईल जिथून गळतं तिथूनच टपकतं असं क्वचितच होतं. ते इंजिनच्या अंगावरून ओघळतं, गाडी धावताना वाऱ्याने मागे ढकललं जातं आणि सगळ्यात खालचा कोपरा गाठल्यावर त्याचा थेंब होतो. टॅपेट कव्हरचं, म्हणजे इंजिनच्या माथ्यावरच्या झाकणाचं, पॅकिंग गिअरबॉक्सच्या बाजूला कडक झालं असेल, तर ऑईल वरून उतरून बरोब्बर इंजिन-गिअरबॉक्सच्या सांध्यातून टपकतं. मेन सीलचं ऑईलही तिथूनच टपकतं. माझ्या एका जुन्या गाडीचं असंच झालं होतं, गिअरबॉक्स उतरवायचा दिवससुद्धा ठरला होता. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी! बऱ्याच गाड्यांत टॅपेट पॅकिंग बदलणं हे तासा-दोन तासांचं काम असतं. मेन सील बदलायचं म्हणजे दिवस गेला.

पद्धत निवडण्याआधी रात्रभर गाडीखाली पांढरा पुठ्ठा ठेवा आणि त्यावर पुढच्या चाकांच्या जागा पेनाने आखा. तपकिरी-काळा डाग म्हणजे इंजिन ऑईल. लालसर असेल तर बहुधा ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं किंवा पॉवर स्टिअरिंगचं. हिरवं, गुलाबी किंवा नारिंगी आणि पाण्यासारखं पातळ असेल तर कूलंट. नुसतं स्वच्छ पाणी एसीचं असतं, ते सोडून द्या. पुठ्ठ्यावरून गळतीचा वेगही कळतो, आणि पुढची सगळी निवड त्या वेगावरच अवलंबून आहे. गळती नुकत्याच झालेल्या सर्व्हिसिंगनंतर सुरू झाली असेल तर आधी फिल्टर आणि ड्रेन बोल्ट बघा. जुन्या फिल्टरची रबरी रिंग इंजिनला चिकटून राहते आणि तिच्यावरच नवा फिल्टर बसवला जातो, ही चूक आजही होते.

सगळ्यात साधा उपाय म्हणजे इंजिन धुऊन बघणं. थंड इंजिनावर डिग्रीझर (तेलकटपणा काढणारं द्रावण), ब्रश, मग हलक्या धारेचं पाणी. अल्टरनेटर, फ्यूज बॉक्स आणि एअर फिल्टरचं तोंड प्लॅस्टिकने झाकायचं. प्रेशर वॉशरची धार सीलवर आणि वायरींच्या जोडांवर मारायची नाही. खालचं अंडरकव्हर काढायचं, कारण त्यात साचलेलं जुनं ऑईल भलत्याच भोकातून टपकतं आणि तपास तिथेच भरकटतो. मग दहा-पंधरा किलोमीटर गाडी चालवायची आणि टॉर्च घेऊन ओलाव्याची सगळ्यात वरची आणि सगळ्यात पुढची जागा शोधायची. इथे घाई करणारा फसत नाही, आळशी फसतो. आठवडाभर गाडी चालवून मग बॉनेट उघडलं, तर इंजिन पुन्हा पहिल्यासारखं माखलेलं असतं आणि धुणं वाया जातं.

धुतलेल्या इंजिनावर पावडर मारणं ही त्याचीच पुढची पायरी. फवाऱ्याने मारायची पायाची पावडर चालते. संशयित सांध्यांवर पांढरा थर बसला की त्यावर ऑईलची गडद रेघ उमटते आणि रेघेचं वरचं टोक म्हणजे उगम. नुसत्या धुण्यापेक्षा हे डोळ्यांना फार सोपं जातं, कारण काळ्या इंजिनावर काळं ऑईल शोधावं लागत नाही. पण दोन अडचणी आहेत. फवाऱ्यातला वायू पेट घेतो, म्हणून इंजिन आणि एक्झॉस्ट पूर्ण थंडच हवं. शिवाय जिथे हात आणि डबा पोहोचतो तिथेच पावडर बसते. इंजिनच्या मागच्या भिंतीवर ती नीट बसत नाही, आणि वाद बहुतेक वेळा तिथलाच असतो. तासाभरात थेंब पडत असेल तर पावडर उत्तम. महिन्याकाठी पेलाभर ऑईल कमी होत असेल तर थर झडून जाईल, रेघ उमटणार नाही.

अशा मंद गळतीला डायला तोड नाही. डाय म्हणजे ऑईलमध्ये मिसळणारा, खास प्रकाशात चमकणारा रंग. तो बाटलीवर लिहिलेल्या मापाने टाकायचा आणि गाडी रोजच्यासारखी वापरायची. मग अंधारात, इंजिन बंद करून, अल्ट्राव्हायोलेट टॉर्च आणि पिवळा चष्मा लावून बघायचं. ऑईल पिवळट-हिरवं चमकतं आणि तो माग थेट उगमापर्यंत नेतो. पावडर एका दिवसाची असते, डाय ऑईल बदलेपर्यंत टिकतो, त्यामुळे घाई नसते. पण आधी इंजिन धुणं इथेही टळत नाही, आणि हेच लोक टाळतात. डाय ओतताना झाकणापाशी सांडला तर टॅपेट कव्हर उगाच चमकतं आणि निर्दोष पॅकिंग बदललं जातं. कूलंटही अनेकदा अशा प्रकाशात चमकतं, हे लक्षात असू द्या. डिझेल इंजिनातलं काळंकुट्ट ऑईल चमक दाबून टाकतं, म्हणून तिथे ऑईल बदलतानाच डाय टाकणं शहाणपणाचं.

धुराची चाचणी गॅरेजची. डिपस्टिकच्या (ऑईलची पातळी बघायच्या पट्टीच्या) नळीतून किंवा ऑईल भरायच्या तोंडातून इंजिनात धूर सोडतात, बाकीची तोंडं बंद करतात आणि धूर कुठून येतो ते बघतात. गाडी चालवावी लागत नाही, अर्ध्या तासात निकाल लागतो. पण दाब नाममात्रच हवा, साधारण 1 पीएसआयच्या आसपास. कुणी साधा कंप्रेसर लावायला निघाला तर थांबवा, चांगली सीलंही बाहेर येतील. आणखी एक मर्यादा म्हणजे धूर फिरतो तो मुख्यतः इंजिनच्या पोकळीत. ऑईल प्रेशर स्विचसारखी गळती पंपाचा दाब आल्यावरच दिसते. ती या चाचणीत निसटू शकते, डायमध्ये निसटत नाही.

मग निवड कशी करायची? गळती जोराची असेल तर धुणं आणि पावडर पुरे. मंद असेल तर सरळ डाय. धुराकडे मी शेवटी जाईन, गाडी चालवण्याजोगी नसेल किंवा डायचा माग अडगळीत हरवला असेल तेव्हा. आणि गिअरबॉक्स उतरवायचं कुणी म्हटलं, तर कितीही अनुभवी माणूस असो, आधी डाय टाकून दाखवायला सांगा. चांगला मेकॅनिक रागावत नाही.

दोन-तीन ठिकाणांहून एकदम ऑईल यायला लागलं तर मात्र या चारही पद्धती खरं बोलतील आणि तरी दुरुस्ती चुकेल. तेव्हा संशय इंजिनच्या आतल्या दाबावर घ्यायचा. पीसीव्ही व्हॉल्व्ह (इंजिनच्या आत साठणाऱ्या वायूला वाट देणारा) किंवा त्याची नळी तुंबली, किंवा पिस्टनच्या रिंगा झिजल्या, की आत कोंडलेला वायू कमकुवत सांध्यातून ऑईल बाहेर ढकलतो. इंजिन आयडलवर असताना ऑईलचं झाकण जपून सैल करा. जोराने फुसफुसत वारा बाहेर आला तर सील बदलण्याआधी तो व्हॉल्व्ह तपासा, नाहीतर नवं सीलही काही दिवसांत ओलं होईल.

ऑईल तापलेल्या एक्झॉस्टवर पडून जळकट वास येत असेल, किंवा डिपस्टिकवर पातळी खालच्या खुणेखाली गेली असेल, तर चालवून बघण्याची कुठलीच पद्धत वापरू नका, आग लागू शकते किंवा इंजिन जाम होऊ शकतं. आणि गाडीखाली शिरायचंच असेल तर नुसत्या जॅकच्या भरवशावर कधीच नाही, स्टँड लावूनच.

डायचा एक फायदा दुरुस्तीनंतर कळतो. नवं पॅकिंग बसल्यावर जुनी चमक डिग्रीझरने पुसून काढा आणि दोन-तीनशे किलोमीटरनंतर तोच टॉर्च त्याच सांध्यावर मारा. ऑईल बदललं नसेल तर डाय अजून त्यात असतोच, त्यामुळे काम नीट झालंय की नाही ते दोन मिनिटांत दिसतं.