मधुमेह आणि विस्मरण : एका तपासणी सेवेचा अनुभव

१४ वर्षांच्या मधुमेहानंतर आई गॅसवर दूध ठेवल्याचे विसरू लागली आणि आम्ही ते वयावर ढकलत राहिलो. पुण्यातील ज्या खासगी चिकित्सालयात तिला नेले, तेथील डॉक्टरांनी तसे केले नाही. इन्शुलिन केवळ रक्तातील साखर आवरत नाही, तर ते मेंदूतही पोहोचते आणि नव्या आठवणी घडवणाऱ्या हिप्पोकॅम्पस या भागात त्याचे ग्राही, म्हणजे त्याचा संदेश टिपणारे रेणू, असतात. शरीराप्रमाणे मेंदूही इन्शुलिनला दाद देईनासा झाला की पेशींमधील जोडण्या दुबळ्या होऊ शकतात, हे त्यांनी कागदावर आकृती काढून, थेट आईशी बोलत समजावले. रुग्णाला वगळून नातेवाइकांशीच बोलण्याची पद्धत इतकी रुळली आहे की मला याचे फार मोल वाटले.

एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतील सरासरी साखर दाखवणाऱ्या रक्तचाचणीसोबत थायरॉईड आणि ब १२ जीवनसत्त्वही तपासले गेले, आणि ते योग्यच होते, कारण थायरॉईडचे संप्रेरक कमी पडले तरी विस्मरण होऊ शकते व मेटफॉर्मिन हे मधुमेहाचे औषध दीर्घकाळ घेतल्यास ब १२ घटू शकते. स्मरणचाचणी मराठीत झाली. लेखी अहवाल मात्र संपूर्ण इंग्रजीत मिळाला, आणि आईच्या दृष्टीने ही मोठी उणीव आहे. साखर वारंवार फार खाली जाणेही मेंदूला घातक असते, हा इशारा तर आम्ही विचारल्यावरच मिळाला. इन्शुलिन टोचून घेणाऱ्या वृद्धांना तो सर्वांत आधी द्यायला हवा. सहा महिन्यांनी पुन्हा तपासणी आहे आणि आम्ही तेथेच जाणार आहोत.