पेंडीमिथॅलिन ३८.७ टक्के सी.एस.: उन्हात तग धरणारे तणनाशक, पण ओलाव्याची अट कायम

सोयाबीन, कापूस किंवा तूर घेणाऱ्या शेतकऱ्याला पेंडीमिथॅलिन नवीन नाही. पेरणी झाल्यावर आणि पीक व तण उगवण्यापूर्वी जमिनीवर फवारायचे हे तणनाशक अनेक वर्षे ३० टक्के ई.सी. म्हणजे पाण्यात मिसळताच दुधाळ होणाऱ्या तेलकट द्रवाच्या रूपात मिळत आले आहे. आता तेच औषध सूक्ष्म कवचात बंद करून ३८.७ टक्के सी.एस. या रूपातही मिळते. मराठवाड्यातील कोरडवाहू सोयाबीनमध्ये दोन्ही वापरून पाहिल्यानंतर सी.एस.चे जास्तीचे पैसे कधी सार्थकी लागतात आणि कधी लागत नाहीत, एवढेच येथे मांडतो.

या औषधाची अडचण त्याच्या स्वभावातच आहे. एक लिटर पाण्यात ते मिलिग्रॅमच्या जेमतेम तिसऱ्या भागाइतकेच विरघळते आणि मातीच्या कणांना घट्ट चिकटते, त्यामुळे फवारल्यावर ते वरच्या पातळ थरातच राहते. तणांची कोवळी मुळे व कोंब त्याच थरातून वर येतात आणि तेथे त्यांचे पेशीविभाजन थांबते, म्हणून ही गोष्ट एरवी फायद्याचीच ठरते. मात्र फवारणीनंतर पावसाने उघडीप दिली आणि कडक ऊन पडले, की पृष्ठभागावरचे हेच औषध काही प्रमाणात बाष्परूपाने उडून जाते आणि काही प्रमाणात सूर्यप्रकाशाने विघटित होते. जूनअखेरच्या पेरणीनंतर आपल्याकडे अशी उघडीप नेहमीचीच आहे.

सी.एस.मध्ये औषधाचा प्रत्येक सूक्ष्म थेंब बहुवारिकाच्या म्हणजेच पॉलिमरच्या पातळ कवचात असतो आणि अशा असंख्य कुप्या पाण्यात तरंगत ठेवलेल्या असतात. कवचामुळे औषधाचा हवेशी आणि प्रकाशाशी थेट संबंध कमी येतो आणि ते हळूहळू बाहेर झिरपते. परिणामी मात्राही कमी लागते. ई.सी. एकरी १ ते १.३ लिटर वापरतात, म्हणजे जमिनीवर ३०० ते ३९० ग्रॅम सक्रिय घटक पडतो, तर सी.एस.ची एकरी ७०० मिलिलिटर मात्रा सुमारे २७० ग्रॅम घटक देते.

फरक बाटली उघडताच जाणवतो. ई.सी.चा रॉकेलसारखा उग्र दर्प नाकात बसतो आणि हातमोजे फाटके असतील तर बोटांवरचा पिवळा डाग धुऊनही लवकर जात नाही. सी.एस. हे पाण्यावर आधारलेले, दाटसर द्रावण असून त्याचा वास सौम्य आहे. पाठीवर पंप घेऊन दिवसभर फवारणी करणाऱ्या मजुराच्या दृष्टीने ही मोठी सोय आहे आणि माझ्या मते जाहिरातींत तिला मिळते त्यापेक्षा बरेच जास्त महत्त्व मिळायला हवे. मात्र बाटली बराच काळ उभी राहिली असेल तर कुप्या तळाशी बसतात. त्यामुळे ती चांगली हलवून, आधी बादलीत थोड्या पाण्यात कालवून मगच पंपात ओतावी, आणि मध्ये थांबावे लागल्यास टाकी पुन्हा ढवळावी. एकरी २०० लिटर पाणी आणि सपाट पट्टा पाडणारे फ्लॅट फॅन नोझल या दोन बाबींत काटकसर करू नये.

शेतातला अनुभव असा, की फवारणीनंतर लगेच रिमझिम पाऊस झालेल्या तुकड्यात दोन्ही प्रकारांत डोळ्यांना दिसेल असा फरक पडला नाही. जेथे फवारणी ओल्या जमिनीवर झाली, पण नंतर ऊन तापले आणि पाऊस लांबला, तेथे ई.सी.च्या पट्ट्यात गवतवर्गीय तणांची हिरवी झाक आधी दिसू लागली, तर सी.एस.चा पट्टा कोळपणी येईपर्यंत बऱ्यापैकी स्वच्छ राहिला. तरीही कवच म्हणजे पावसाला पर्याय नव्हे. जमीन वरून पूर्ण कोरडी आणि ढेकळांची असेल, तर तण खालच्या ओलीवर उगवून येते आणि सुरक्षित राहिलेले औषध त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. हरळी आणि लव्हाळ्यावर दोन्ही रूपे निष्प्रभ आहेत, केन्यावरही भरवसा ठेवू नये, आणि उगवून आलेल्या तणावर तर फवारूच नये.

खरी तक्रार विक्रीच्या पद्धतीबद्दल आहे. टक्केवारी जास्त म्हणजे औषध जहाल, असे सांगून काही दुकानांत सी.एस. गळ्यात मारले जाते, आणि कवचाचा उपयोग मात्र कोणीच समजावत नाही. माहितीपत्रकातील अक्षरे इतकी बारीक असतात, की बांधावर उभे राहून ती वाचता येत नाहीत.

कवचाविषयीही एक गोष्ट नोंदवायला हवी. औषध संपते, पण पॉलिमरचा अंश मातीत राहतो. युरोपीय संघाने २०२३ मध्ये हेतुपुरस्सर मिसळलेल्या सूक्ष्म प्लास्टिकवर निर्बंध घातले आणि पीकसंरक्षण उत्पादनांना २०३१ पर्यंत मुदत दिली. त्यामुळे विघटनशील कवचांचा शोध सुरू आहे. सायक्लोडेक्स्ट्रिन म्हणजे ग्लुकोजच्या घटकांचे कड्यासारखे रेणू, हा त्यातला एक वेगळा मार्ग आहे. ग्लुकोजच्या सात घटकांच्या बीटा-सायक्लोडेक्स्ट्रिन कड्याच्या पोकळीत कीटकनाशकाचा एखादाच रेणू किंवा त्याचा भाग बसवता येतो. कडुनिंबातील अझाडिरॅक्टिनसारख्या उन्हात लवकर निकामी होणाऱ्या घटकांसाठी मला हा मार्ग फार आशादायक वाटतो, कारण हे कडे स्टार्चपासून तयार होते आणि जमिनीत कुजते. आमच्या भागातील कृषी सेवा केंद्रांत मात्र असे उत्पादन अजून दिसलेले नाही.

लिटरमागे सी.एस. महाग पडते, पण ७०० मिलिलिटरची बाटली एका एकराला पुरत असल्याने मोजमापाची चूक टळते आणि खर्चातील तफावतही थोडी कमी होते. ज्यांच्याकडे तुषार सिंचन आहे आणि फवारणीनंतर हलके पाणी देता येते, त्यांनी ई.सी.वरच काम भागवावे. पावसाच्या भरवशावर पेरणी करणाऱ्यांनी पेरणीनंतर ४८ तासांच्या आत, जमिनीत ओल असताना सी.एस. फवारावे. शिल्लक द्रावण किंवा पंप धुतलेले पाणी ओढ्यात अथवा शेततळ्यात जाऊ देऊ नये, कारण हे औषध माशांना अत्यंत विषारी आहे आणि कवचामुळे त्यात फरक पडत नाही.