चर्चची पायपेटी परत बोलायला लागली! (नवी पेठेतले पेटीवाले काका)

आमच्या चर्चमधला जुना ऑर्गन, म्हणजे पायाने भाता चालवून वाजवायची पेटी, दोन वर्षं मुका होता. बाहेरगावच्या एका दुकानात फोटो पाठवले तर म्हणाले भंगारात काढा, कीबोर्ड घ्या. फार लागलं मनाला, कारण माझी आजी दर रविवारी उपासनेला हाच वाजवायची आणि ना. वा. टिळकांची गीतं मी ह्याच्याच सुरावर शिकले.

मग कुणीतरी नवी पेठेतल्या ह्या काकांचं नाव सुचवलं. काका चर्चमध्ये आले, मागची फळी काढली आणि पहिली दहा मिनिटं नुसते पाय मारत कान लावून बसले, तिथेच मी म्हटलं काम ह्यांनाच द्यायचं. आपली हाताची पेटी हवा बाहेर ढकलते, हा अमेरिकन पद्धतीचा ऑर्गन हवा आत ओढतो, त्यामुळे भात्याचं कापड जरा जरी चिरलं की सगळा दम जातो, आणि आमचं तर उंदरांनी कुरतडलेलं! पितळी रीड (हवेने थरथरून सूर देणाऱ्या पातळ पात्या) त्यांनी आकड्याने एकेक ओढून काढले, ब्रशने साफ केले, सूर उतरलेल्या रीडचं टोक अगदी हलकं खरवडलं की सूर चढतो, मुळाशी खरवडलं की उतरतो, हे मला समोर बसवून दाखवलं. एकही रीड बदलला नाही.

लोक ह्याला पाइप ऑर्गन म्हणतात पण तो वेगळा. मुंबईत फोर्टमधल्या सेंट थॉमस कॅथेड्रलमध्ये आहे तो खरा पाइप ऑर्गन, ते चर्च १७१८ च्या ख्रिसमसला सुरू झालं आणि चर्चगेट हे नावही त्याच्यावरूनच पडलंय. पाइपवाल्यात प्रत्येक सुराला स्वतःची नळी, सगळं मिळून भिंतीएवढं काम, त्यात उन्हाळ्यात हवा तापली की नळीचा सूर चढतो. लहान चर्चला तो खर्च कुठला झेपणार, म्हणून गावोगावी ह्या पायपेट्याच आल्या.

पंधरा दिवस सांगून दीड महिना लागला, तेवढी तयारी ठेवा. खर्च साडेअकरा हजार, बिलात कापड, फेल्ट, मजुरी सगळं वेगवेगळं लिहिलेलं. खालच्या सप्तकातली एक काळी पट्टी अजून जरा अडकते, त्यासाठी पावसाळा संपला की स्वतः येतो म्हणालेत, वेगळे पैसे न घेता.