नील्सनची चौथी आणि पाचवी: हेडफोन लावूनच ऐका

कार्ल नील्सन (1865–1931) हा डॅनिश संगीतकार नवीन असेल, तर सुरुवात कंडक्टर हर्बर्ट ब्लुमस्टेट आणि सॅन फ्रान्सिस्को सिम्फनीच्या डेक्का रेकॉर्डिंगपासून करा. त्यात चौथी आणि पाचवी सिम्फनी एकत्र मिळतात. चौथी 1916 ची, ऐन महायुद्धातली. चारही भाग न थांबता वाजतात, आणि शेवटी टिंपनीचे (नगाऱ्यासारखे मोठे ड्रम) दोन संच समोरासमोर भिडतात. मोबाइलच्या स्पीकरवर नुसता गडगडाट कळतो. हेडफोनवर एक डावीकडून, दुसरा उजवीकडून. जुगलबंदी म्हणावं तर यात दाद वगैरे काही नाही, सरळ हाणामारी!

पण माझा जीव अडकलाय तो पाचवीत. पहिल्या भागात वाद्यवृंदाचं संथ, भरदार गाणं वर चढत असतं आणि साइड ड्रमवाला मध्येच घुसतो. ऑर्केस्ट्राला काही करून थांबवायचंच आहे अशा थाटात मनाला येईल ते वाजव, अशी सूचनाच नील्सनने लिहून ठेवलीय. लिहून ठेवणाऱ्या परंपरेत एवढी मोकळीक! तबल्यावर वाढलेल्या माझ्या कानाला ती फारच भावली. शेवटी सगळं ओसरतं, एकटी क्लॅरिनेट उरते आणि ड्रम लांब कुठेतरी कुरकुरत राहतो.

दुसरा भाग पहिल्याइतका पकडत नाही. त्यातला फ्यूग (एकच चाल वाद्यं एकामागून एक उचलतात तो प्रकार) मला जरा लांबलेलाच वाटतो. गुणगुणता येईल अशी चाल हवी असेल तर आधी 1903 चं हेलिओस ओव्हर्चर ऐका, अथेन्समध्ये लिहिलेलं. बारा-एक मिनिटांत सूर्य उगवून मावळतो.