शेवरोले ३५० साठी व्होर्टेक हेड: माइल्ड इंजिनला पुरून उरतं, पण हिशोब आधी करा

रोजच्या वापराची गाडी, जुनं ३५० स्मॉल ब्लॉक (३५० घन इंचाचं व्ही-८ इंजिन) आणि ५,५०० आरपीएमच्या वर जायची हौस नाही, असं असेल तर १९९६ पासून शेवरोलेच्या ट्रक-व्हॅनवर आलेलं व्होर्टेकचं लोखंडी हेड (सिलिंडरवरचं, व्हॉल्व्ह असलेलं झाकण) आधी बघावं. कास्टिंग नंबरच्या शेवटी ९०६ किंवा ०६२ असतं. रस्त्यावर दोन्ही सारखीच.

इनटेक रनर (व्हॉल्व्हकडे जाणारी हवेची वाट) जेमतेम १७० सीसीचा, म्हणून कमी आरपीएमलाही हवेचा वेग टिकतो आणि पिकअप चांगला मिळतो. २१० सीसीचं ॲल्युमिनियम हेड फ्लो बेंचवर (हवेचा प्रवाह मोजायच्या यंत्रावर) भारी दिसतं, पण छोट्या कॅमबरोबर (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) खालच्या टप्प्यात मेंगळट चालतं.

चेंबर, म्हणजे हेडमधली ज्वलनाची पोकळी, ६४ सीसीचा. बोअर ३० थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) वाढवलेला, ५ सीसी रिलीफचे (व्हॉल्व्हसाठीच्या खाचांचे) फ्लॅट-टॉप पिस्टन, डेकपासून (ब्लॉकच्या माथ्यापासून) २५ थाऊ खाली, ४१ थाऊचं गॅस्केट: कॉम्प्रेशन रेशो साधारण ९.७ येतो. हाच ७६ सीसीच्या जुन्या हेडवर ८.६ वर घसरतो. मात्र इथे क्वेंच (पिस्टनचा माथा आणि हेडचा सपाट भाग यांतलं अंतर) ६६ थाऊ होतो, हा जास्त आहे. १५ थाऊचं शिम गॅस्केट घातलं तर तो ४० वर येतो, पण कॉम्प्रेशन १०.४ च्या आसपास चढतं आणि लोखंडी हेडवर नॉकिंगची (इंधन अवेळी पेटून होणाऱ्या ठोक्यांची) टांगती तलवार. १२ सीसीचा डी-आकाराचा डिश (माथ्यावर खळगा असलेला) पिस्टन घेतला की ९.६ आणि क्वेंचही शाबूत. गोल डिश नको. क्वेंच पॅडसमोरचा भागच खोल जातो.

आता खर्चाची बाजू. इनटेकचे बोल्ट आठच आणि उभे, त्यामुळे जुना मॅनिफोल्ड (कार्बोरेटरकडून हेडकडे हवा-इंधन नेणारा भाग) बसत नाही. नवा लावताना बोल्ट ११ फूट-पाउंडवर थांबवा. एक्झॉस्टचा हीट क्रॉसओव्हर (मॅनिफोल्ड तापवणारा गरम वायूचा मार्ग) नाही, म्हणून कार्बोरेटरला इलेक्ट्रिक चोक हवा. रॉकर (व्हॉल्व्ह दाबणारे हात) सेल्फ-अलायनिंग, म्हणजे स्वतःच व्हॉल्व्हवर सरळ राहणारे, त्यांच्यासोबत पुशरॉड सरळ धरणारी गाइडप्लेट लावायची नाही, दोन्ही एकमेकांना अडकतात. व्हॉल्व्ह कव्हरही मधल्या बोल्टचंच.

सगळ्यात जास्त घोळ लिफ्टवर, म्हणजे व्हॉल्व्ह किती उघडतो त्यावर, होतो. ०.४६० इंचाच्या पुढे रिटेनर (स्प्रिंग धरणारी टोपी) गाइडच्या (व्हॉल्व्हच्या दांड्याच्या नळीच्या) सीलवर आदळू लागतो. पूर्ण लिफ्टला निदान ५० थाऊ मोकळे राहतात का, ते मोजा. नसतील तर गाइडचा माथा तासून घ्या आणि कॅमला साजेशा स्प्रिंग टाका. मूळ स्प्रिंगवर मोठा कॅम चालवायचा विचारही नको.

वापरलेलं हेड घेताना चकचकीत रंगावर जाऊ नका. ही कास्टिंग पातळ असतात आणि सीटजवळ तडे जातात. मॅग्नाफ्लक्स (चुंबकाने तडे शोधायची तपासणी) आणि प्रेशर टेस्ट झाल्याशिवाय पैसे देऊ नयेत. बसवताना हेड बोल्टना सीलंट लावा (ते थेट पाण्याच्या जॅकेटमध्ये उतरतात) आणि ६५ फूट-पाउंडपर्यंत तीन टप्प्यांत आवळा.

जुना मॅनिफोल्ड ठेवायचाच असेल किंवा कॅम ०.५०० लिफ्टचा असेल, तर मशीनिंगचा खर्च धरून हिशोब करा. तेव्हा जुन्या बोल्ट पॅटर्नचं १८० सीसीचं ॲल्युमिनियम हेड महाग पडत नाही.