पिनवाला सेफ्टी अलार्म : टॉर्चला पाच तारे, सायरनला दीड

पावसाळ्याच्या तोंडावर ३४९ रुपयांना घेतलेला, किल्ल्यांच्या जुडग्याला लावायचा अलार्म गेल्या आठवड्यात मेला, म्हणून हे लिहायला बसले. पिन ओढली की बोंबलतो, सोबत छोटा टॉर्च आहे, हे माहीत असेलच.

टॉर्च झकास आहे. पुण्यातल्या आयडियल कॉलनी मेट्रो स्टेशनपासून आमच्या फ्लॅटपर्यंतच्या गल्लीत दोन दिवे कायम बंद असतात. रिक्षाचा नंबर बघायला, लॅच उघडायला, खड्डा चुकवायला रोज हाच. पार्टीहून येताना फोनची बॅटरी १२ टक्क्यांवर असते, ती टॉर्चवर कोण उडवणार? एवढ्यावर मी तो तीन मैत्रिणींना घ्यायला लावला.

मग एका रात्री रूममेट म्हणाली, वाजव बघू. पिन ओढली तर आतून नुसतं ‘चिर्र’. टॉर्च मात्र लख्ख!

विक्रेत्याला मेसेज केला. उत्तर : टॉर्च लागतोय म्हणजे प्रॉडक्ट चालू आहे, आणि सेल वॉरंटीत येत नाहीत. दोन दिवस वाद घातला, प्रत्येक वेळी नवीन माणूस ‘असुविधेबद्दल क्षमस्व’पासून सुरू. शेवटी घड्याळदुरुस्तीवाल्या काकांकडे नेला. आत एलआर ४४ जातीचे बटण सेल. काका म्हणाले, टॉर्चच्या एलईडीला करंट लागतो चिमूटभर, सायरनला एकदम भसकन लागतो. सेल अर्धे उतरले की दिवा लागत राहतो, भोंगा वाजत नाही. म्हणजे रोज वापरायची वस्तू, आणि आयुष्यात एखाद्या वेळी लागली तर लागणारी वस्तू, दोन्ही एकाच सेलवर! आणि सेल किती उरलेत ते सांगणारा साधा लाल ठिपकासुद्धा नाही. हे डिझाइन करणारा माणूस रात्री चालत घरी गेलेला नसणार.

तपासायचं तर वाजवूनच. रात्री वाजवला तर वरच्या मजल्यावरच्या मालकीणकाकू खाली येणार. गणपतीत लक्ष्मी रोडवर ढोल-ताशात वाजवून पाहिला होता, शेजारच्या मुलीने मानसुद्धा वळवली नाही. खोक्यावर १३० डेसिबल छापलंय, पण किती अंतरावर ते नाही. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की ६ डेसिबल कमी होतात. १० सेंटिमीटरवर मोजले असतील तर तीन मीटरवर १०० च्या आसपास उरतात. शांत गल्लीत १०० पुष्कळ झाले, मिरवणुकीत काही नाही.

इथपर्यंत एक तारा देणार होते. पण काकांनी ६० रुपयांत सेल बदलून दिले आणि परवा कचराकुंडीजवळच्या कुत्र्यांनी घेरलं तेव्हा पिन ओढली. दोन पळाले. तिसऱ्याने त्याहून मोठा सूर लावला, चार खिडक्यांत दिवे लागले. काम तर तेच होतं ना त्याचं? म्हणून अर्धा तारा वाढवला.

बाकी आम्ही घरी पोचतो ते बहुतेक मेट्रोमुळे. मेट्रो ११ ला आटपते, विद्यार्थ्यांना ३० टक्के सवलत, त्यामुळे कल्याणीनगरची पार्टी कितीही रंगली तरी साडेदहाला चपला शोधायला लागतो. चुकली तर रिक्षा : २०२२ च्या दराने पहिल्या दीड किलोमीटरला २५, पुढे किलोमीटरला १७, अकरा किलोमीटरचे १८६, आणि रात्री १२ नंतर पाव पट जास्त, म्हणजे २३३. तेही मीटर टाकला तर. व्हॉट्सअ‍ॅपचं लाइव्ह लोकेशन आठ तासांचं लावते, कारण एक तासवालं नेमकं वाटेत संपतं. गूगल मॅप्सवर शेअर केलं तर रूममेटला माझ्या फोनची बॅटरीही दिसते. आणीबाणीचा ११२ नंबर फुकट आहे, आणि माझ्या फोनवर पॉवर बटण पाच वेळा दाबलं की लागतो. तुमच्यावर तीनदा असेल, सेटिंगमध्ये बघून ठेवा.

घेणारच असाल तर चार्जिंगवाला आणि बॅटरी दाखवणारा घ्या, शंभर-दीडशे जास्त गेले तरी. मी हाच रेटणार, ४०९ रुपये वसूल व्हायचेत अजून. विक्रेत्याने माझी तक्रार ‘निराकरण झाले’ म्हणून बंद केलीय. आज सकाळी पुन्हा उघडली.